न जळणारी वात

जांभुळणीच्या साखर कारखान्याची चिमणी पाडून कैक वर्षं झाली होती, तरी वसाहतीतली माणसं पत्ता सांगताना अजून ‘चिमणीच्या अलीकडं’ असंच सांगत. चिमणी नव्हती, भोंगा नव्हता, मळीचा वासही नव्हता. त्या जागी आता सौर पॅनेलांचं शेत पसरलं होतं आणि त्याची राखण दोन ड्रोन करत. माणसं तेवढी जुनी उरली होती. निवृत्त फिटर, रस उकळून साखर काढणारे पॅनमन, वजनकाट्यावरचे कारकून आणि त्यांच्या खोकणाऱ्या बायका. पुरुषांपेक्षा बायकाच जास्त खोकतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बायकांचा खोकला घरच्या फोडणीचा समजायचा, अशीच रीत होती.

पितृपक्षाच्या शेवटी वसाहतीच्या मैदानात ‘तंतुवेध’ नावाचं यंत्र घेऊन एक पांढरी गाडी उभी राहिली. गाडीसोबत रोहिणी आली. ती त्या यंत्रावरची तंत्रज्ञ आणि याच वसाहतीची लेक. गाडी इथे यावी म्हणून तिने दोन वर्षं वरिष्ठांचं डोकं खाल्लं होतं.

तिचे वडील भानुदास खिलारे, म्हणजे सगळ्यांचे तात्या, सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून गाडीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. उभी हयात बॉयलर हाऊसात फिटर म्हणून काढलेला माणूस. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको कौसल्या छातीत पाणी होऊन, श्वासासाठी तडफडत गेली. कर्करोग अ‍ॅस्बेस्टॉसचा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून तात्यांनी एकच धोशा लावला होता. कारखान्याने तिला मारलं, एवढं कुणीतरी कागदावर लिहून द्यावं. बाकी काही नको.

ते आता शक्य झालं होतं. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू केसाहून कितीतरी बारीक असतो. श्वासातून तो एकदा आत रुतला, की शरीराला तो ना विरघळवता येतो, ना बाहेर टाकता येतो. पांढरा तंतू काही वर्षांनी थोडाफार झिजतो, पण त्यात मिसळलेला निळा तसाच राहतो. मग शरीर आपल्या परीने त्याचा बंदोबस्त करतं, त्याच्याभोवती लोखंडाचं आणि प्रथिनांचं आवरण चढवत जातं. थरावर थर. तीस-चाळीस वर्षांनी एखाद्या तंतूपाशी पेशी बिघडतात आणि गाठ धरते, तोवर माणूस ठणठणीत असतो.

तंतुवेध हेच आवरण वाचायचं. माणसाने एक गार फवारा श्वासात घ्यायचा. त्यातली प्रथिनं फक्त या तंतूंनाच चिकटत आणि पडद्यावर ते तंतू उजळून दिसत. पण खरी करामत पुढेच होती. तंतू आत शिरताना त्याच्या अंगावर जी धूळ असेल ती पहिल्या थराखाली कायमची बंद होते. भट्टीतल्या तंतूवर भुशाची राख असे, कपड्यांवरून घरात आलेल्या तंतूवर साबणाची खूण. म्हणजे तंतू किती आहेत एवढंच नव्हे, ते कुठून आले हेही यंत्र सांगायचं. मेलेल्या माणसाच्या, मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावरूनसुद्धा.

कामगारांना न्याय मिळावा म्हणून हे यंत्र बनवलं होतं आणि न्याय मिळतही होता. पण रोहिणीने दुसरंही पाहिलं होतं. एका गावात नवऱ्याच्या सदऱ्यातून आपल्याला हे आलं, हे कळल्यावर एक बाई माहेरी निघून गेली ती परतली नाही. कुणाकडे बोट दाखवायचं हे यंत्राला ठरवता येत नाही, ते नुसतं दाखवतं.

“कौसीचा तुकडा तपासला का गं?” तात्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“आज होईल तात्या. तुम्ही घरी जाऊन जेवा बघू.”

“बसतो की. मला काय काम हाय?”

दुपारी गाडीवरच्या डॉक्टर इनामदारांनी रोहिणीला आत बोलावलं. बाई पुण्याच्या, शांत स्वभावाच्या, पण आज त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

“हे बघ. पुरुषांचं सगळं सरळ आहे. राख, चुना, बॉयलरची धूळ. पण बायकांच्या तंतूंवर राख नाहीच. साबणही नाही, म्हणजे नवऱ्याचे कपडे धुऊन आलेलं नाही. सगळ्यांच्या तंतूंवर ही लाल भुकटी आहे. तुझ्या आईच्याही.”

रोहिणी पडद्याजवळ वाकली.

“थोडं शिसं दिसतंय, आणि हळदीचा अंश,” डॉक्टर म्हणाल्या. “या बायका कुठल्या रंगाच्या कारखान्यात जायच्या का?”

हळद म्हटल्याबरोबर रोहिणीने पडद्यावरची नजर काढून घेतली.

“नाही मॅडम. घरीच असायच्या सगळ्या.”

“मग मी ‘स्रोत अज्ञात’ लिहिते. दुसरं काय लिहिणार?”

त्या गाडीत, त्या गावात, बहुधा अख्ख्या जगात, त्या लाल भुकटीचा अर्थ कळणारी ती एकटीच होती.

ते कुंकू होतं.

गळीत हंगामाआधी बॉयलरची दुरुस्ती निघायची. भट्टीच्या दाराभोवती अ‍ॅस्बेस्टॉसची पांढरी जाड दोरी बसवलेली असे, म्हणजे फटीतून आग बाहेर येऊ नये. ती दरवर्षी बदलत. हंगामाचं अग्निप्रदीपन, म्हणजे भट्टी पेटवण्याची पूजा, दसऱ्याच्या आगेमागे आणि त्याआधी घरोघर नवरात्राचे घट. रोहिणी पाळण्यात होती त्या वर्षी नवरात्राच्या पाचव्या दिवशी कौसल्येचा अखंड दिवा विझला. वात जळून संपली आणि तान्ह्या पोरीच्या तापापायी तिचं लक्ष राहिलं नाही. अपशकुन झाला म्हणून कौसल्या दोन दिवस जेवली नाही. पुढच्या वर्षी तात्यांनी नव्या दोरीचा उरलेला तुकडा घरी आणला आणि म्हणाले, “ही घे वात. हिला आग खात न्हाई. तेल घालत राहा, जन्मभर जळंल.”

खरंच जळत राहिली. मग शेजारणींनी मागितली, मग सगळ्या वसाहतीने. घटापुढे दरवर्षी नवी वात लागे, म्हणून घट बसायच्या आदल्या दुपारी शेजारच्या द्वारकाकाकूंच्या ओट्यावर बायका जमायच्या. तात्यांनी आणलेल्या दोरीला हळदकुंकू वाहायचं, मग ती उसवायची, पिंजायची आणि बोटांत थोडं कुंकू घेऊन वाती वळायच्या. कोरड्या हाताला त्या धाग्यांचे काटे टोचत. पिंजताना पांढरी लव उन्हात तरंगायची आणि पोरं ती रुईची म्हातारी धरावी तशी ओंजळीत धरायची. रोहिणीचा हात सगळ्यांत साफ. तिच्या वाती बारीक, एकसारख्या. आई त्या सगळ्यांना दाखवायची.

डॉक्टर जेवायला गेल्यावर रोहिणीने स्वतः फवारा घेतला आणि यंत्राखाली झोपली. मग उठून पडदा पाहिला. डाव्या बाजूला, खाली, बारीक उजळ काड्या, त्यांच्या पहिल्या थराखाली लाल ठिपके, आणि फुप्फुसाच्या आवरणावर एका ठिकाणी जाडसर पट्टा. गाठ नव्हती, पण पट्टा चांगलाही नव्हता. दर सहा महिन्यांनी पाहायला लागणार होतं, कायमचं. तिने पडदा बंद केला आणि हात धुतले. हात धुण्याचं तसं काही कारण नव्हतं.

गप्प बसणं सोपं होतं. कोणी विचारणार नव्हतं. तात्यांना ‘कारखाना’ हा शब्द कागदावर हवा होता, तो तिने कसाबसा आणलाही असता. म्हाताऱ्याच्या आयुष्यात मोठेपणाची एकच गोष्ट होती, आपण वसाहतीला न विझणारा दिवा दिला. तीच काढून घ्यायची म्हणजे त्याच्याकडे राहणार काय?

संध्याकाळी घरी आली तर तात्या जुन्या लोखंडी पेटीसमोर बसले होते. कारखाना बंद झाला त्या दिवशी त्यांनी दोरीचं एक मोठं वेटोळं घरी आणून ठेवलं होतं. दरवर्षी त्यातला हातभर तुकडा काढायचा आणि ओट्यावर न्यायचा, हा मान अजून त्यांचाच.

“उद्या वाती वळायच्या न्हवं,” ते म्हणाले. “द्वारकेच्या नाती पण बसतात आता. हात बसाय लागलाय पोरींचा.”

रोहिणीने पुढे होऊन पेटीचं झाकण दाबून धरलं.

“उद्या काढा तात्या. आज नको.”

“का गं?”

“दमलेय. आधी जेवू.”

“कौसीचं काय झालं?”

“पुण्याहून यायचंय अजून.”

तात्यांनी मान डोलावली. लेकीवर त्यांचा विश्वास होता आणि तोच तिला सोसवेना. तिने ताट अर्धवटच सारलं. द्वारकाकाकूंच्या नाती डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. मोठी असेल नऊ-दहाची. त्या वयात रोहिणी बारीक वाती वळत होती.

सकाळी तात्या अंगणात आरसा खिळ्याला टांगून दाढी करत होते. रोहिणी पायरीवर येऊन बसली आणि तिने सांगून टाकलं. आडवळण घेतलं असतं तर धीर सुटला असता. राख नाही, साबण नाही, कुंकू आहे. आईच्या छातीत, द्वारकाकाकूंच्या, गेल्या वर्षी गेलेल्या सुलभामावशींच्या, सगळ्यांच्या. दोरी तीच. पिंजताना उडायची ती लव.

तात्यांचा वस्तऱ्याचा हात खाली आला.

“म्हंजी कारखान्यानं न्हाई.”

“कारखान्यानंच, तात्या. दोरीच्या पोत्यावर धोक्याची सूचना छापलेली असायची, इंग्रजीत. वरच्यांना ठाऊक होतं. तुम्हाला कुणी वाचून दाखवली नाही. तुम्हाला एक साधा मास्क दिला नाही.”

“ते झालंच. पर घरात आणली कुणी?”

रोहिणीने पायरीवर सांडलेला साबणाचा फेस बोटाने पुसला.

“कौसीला मी सांगितलेलं, जन्मभर जळंल म्हणून,” तात्या म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असल्यासारखा. “ती दोरी ओली असंल तर उडती का?”

“नाही. ओली असली की लव उडत नाही. गाडीत पिशव्या आहेत, मी त्यात बंद करून नेते. तुम्ही हात लावू नका.”

ती आत चहा ठेवायला गेली. बाहेर आली तेव्हा आरसा खिळ्याला लटकत होता, वस्तरा पायरीवर होता आणि तात्या नव्हते.

ती आधी कॅनॉलकडे धावली. भरला कॅनॉल, काठावर कुणी नाही. मग पॅनेलांच्या कुंपणापाशी, मग चिमणीच्या जागी. अनवाणी धावत ती परत वसाहतीत आली आणि द्वारकाकाकूंच्या ओट्यासमोर थबकली.

तात्या तिथे उभे होते. अर्ध्या गालाला साबण तसाच वाळलेला. पायाशी पाण्याची बादली आणि पाण्यात बुडालेलं दोरीचं वेटोळं. सकाळच्या कामाला लागलेल्या बायका हातातलं टाकून जमल्या होत्या.

“...तर तुमच्या छातीत जे हाय, ते ह्या दोरीचं हाय,” तात्या सांगत होते. “भट्टीचं न्हाई, धुण्याचं न्हाई. मी दिली ती दोरी. माझी कौसी त्यानंच गेली. कुणाच्या घरी जुनी वात आसंल तर आणा आन् ह्या पाण्यात टाका. पोरींना हात लावू दिऊ नका.”

द्वारकाकाकूंनी पदराने तोंड पुसलं.

“भावजी, बसा तरी. तुमाला ठावं असतं तर दिली असती का?”

“ठावं न्हवतं खरं. इचारलं बी न्हाई मी कुणाला,” तात्या म्हणाले. “बसाय आलो न्हाई, द्वारका. वाती आणा.”

द्वारकाकाकू उठल्या. देवघरातून वातींची पुरचुंडी आणली, डोळे मिटून क्षणभर कपाळाला लावायला गेल्या आणि तशाच थांबल्या. मग त्यांनी ती बादलीत सोडली. मागोमाग एकेक बाई घरात जाऊन येऊ लागली. एकीने हळूच विचारलं, देवीपुढची वात अशी टाकली तर चालेल का, आणि रोहिणी म्हणाली, “चालेल काकी. देवी रागवायची नाही.” तिला देवीचं काहीच ठाऊक नव्हतं, पण कुणीतरी तसं म्हणायला हवं होतं.

सरूबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांची मंगल रोहिणीच्या बरोबरीची, एकाच बाकावर बसणारी. तीन वर्षांपूर्वी छातीत पाणी होऊन गेली, पाठीमागे दोन पोरं ठेवून.

“माझी मंगल,” सरूबाई म्हणाल्या, “तुमच्या हातची दोरी घ्यायला पळत यायची. भानूकाका आलं, भानूकाका आलं, म्हणत.”

तात्यांनी मान खाली घातली.

सरूबाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आपल्या घराकडे गेल्या, आत शिरल्या आणि कडी लावल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तात्या बादली तिथेच ठेवून त्यांच्या दारापाशी गेले. हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. बराच वेळ नुसते उभे राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी उंबऱ्यावर ठेवली आणि बोडक्या डोक्याने घराकडे वळले.

रोहिणीने बादली गाडीत नेली, सगळं पिशव्यांत बंद केलं. डॉक्टर इनामदारांना सगळं सांगितलं. त्यांनी अहवालातले ‘स्रोत अज्ञात’ हे शब्द खोडले. त्यांच्या जागी लिहिलं, की तंतू कारखान्यातल्या दोरीचे आहेत आणि ती विषारी असल्याचं कामगारांना कधीही सांगितलं गेलं नव्हतं. म्हणजे तात्यांना हवा होता तो शब्द अखेर कागदावर आला. तो कागद रोहिणीने घरी नेला तेव्हा त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि कौसल्येच्या फोटोमागे सरकवून दिला.

दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. सकाळी रोहिणी दूध आणायला गेली तेव्हा सरूबाईंच्या उंबऱ्यावर टोपी तशीच होती. रांगोळी काढताना कुणीतरी ती बोटभर बाजूला सारली होती, एवढंच.

घरी तात्यांनी माती पसरली, धान्य पेरलं, घट मांडला. डोक्याला पंचा गुंडाळला होता. समईत तेल होतं, वात नव्हती. रोहिणी कापसाचं पुडकं घेऊन शेजारी बसली आणि सरकी वेचू लागली.

“तुझं बघितलंस का गं त्या यंत्रात?” तात्यांनी घटावर पाणी शिंपडत विचारलं.

“वेळच कुठे मिळाला. माणसांची रांग संपत नव्हती.”

तिला वाटलं, आवाज बरोबर लागला. तात्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचं सगळं लहानपण त्यांनी पाहिलं होतं. ओट्यावर सगळ्यात पुढे बसून, जीभ दातांत धरून वाती वळणारी पोर त्यांना आठवत असणार. दोरी तिच्याच हातात आधी द्यायचे ते.

त्यांनी हात पुढे करून तिच्या मांडीवरचा कापूस उचलला.

“हिकडं आण. तू नको वळूस.”

“अहो, हा कापूस आहे तात्या. यानं काही होत नाही.”

“ठावं हाय मला. तू दारात बस. वारं लागंल तिथं बस.”

ती उठून दारात जाऊन बसली. तात्या वात वळू लागले. आयुष्यभर पाना-हातोडा धरलेली बोटं, कापूस काही जमेना. एकीकडे जाड, एकीकडे उसवलेली, अशी एक वेडीवाकडी वात कशीबशी झाली. तेलात भिजवून त्यांनी ती लावली. थोड्या वेळाने तिच्या टोकाला काजळी धरली, ज्योत बसायला लागली. तात्यांनी काडीने काजळी झाडली आणि वात बोटाने पुढे सारली.

“ही जळती,” ते स्वतःशीच म्हणाले. “हिच्याजवळ बसूनच राहाय लागंल.”

“मी बसते थोडा वेळ. तुम्ही चहा घ्या.”

“नगं. मी हाय हितं.”

ते समईकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून बसले. पाठ किंचित हलत होती. रोहिणी चौकटीला टेकली. बाहेर पॅनेलांवर ऊन चढत होतं आणि कुणाच्या तरी घरात आरती चालू होती. तिने त्यांच्या सांगण्याप्रमाणे वाऱ्याकडे तोंड केलं आणि मोठा श्वास घेतला. डाव्या बाजूला खाली काहीतरी बारीक टोचलं. तिला खोकला आला. पदर तोंडावर धरून तिने तो दाबला, पण पुरता दाबला गेला नाही.

वात पुढे सारणारा तात्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.